दीड फेरा डावीकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली आहे. गोळीने बीपीचा आकडा उतरेल, म्हणाले, पण टेन्शन कशाचं येतं, कधी येतं, ते रोज लिहून काढा, कोणाला दाखवायचं नाही. मी म्हटलं, मला कसलं आलंय टेन्शन, घरात दोन माणसं, मुलगी आपल्या घरी सुखात. दंडाची पट्टी सोडवता सोडवता ते म्हणाले, "बाई, तोंड नाही म्हणतंय आणि हात हो म्हणतोय."

टेन्शन हा शब्द मी चौदा वर्षं दिवसातून पन्नास वेळा बोलते, पण त्यांच्या अर्थाने नाही. आमच्या मशीनवर टेन्शन म्हणजे एक बटण. दोन चकत्यांच्या मधून दोरा जातो. बटण उजवीकडे फिरवलं की चकत्या दोरा घट्ट धरतात, डावीकडे फिरवलं की सैल सोडतात. वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा, दोघांनी सारख्या जोराने ओढलं तर गाठ पट्टीच्या पोटात बसते आणि कोणाला दिसत नाही. टेन्शनच नसेल तर शिलाईच नाही. बाकीच्या जगात मात्र लोकांना ते येतं, लोक ते घेतात, एकमेकांना देतात. आमचे हे तर नळ गळला तरी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणतात आणि कोणी वारलं तरी तेच म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानात बसून बसून एकाच वाक्याच्या प्रती काढायची सवय लागली आहे त्यांना.

आम्ही सेफ्टी बेल्ट शिवतो. उंच इमारतींच्या बाहेर लटकून रंग देणारी, काचा धुणारी माणसं घालतात ते, खांद्यावरून, मांडीखालून जाणारे, पाठीवर लोखंडी कडी असलेले. नारिंगी पट्टी, काळा दोरा. पट्टीवर पट्टी येते तिथे चौकोनी पेटी आणि आत फुली, अशी शिलाई घालतात. ती पेटी मी घालते. कारखान्यात पेटीचं मशीन एकच आहे आणि त्यावर बसणारीही एकच.

झोप पंधरा दिवसांपासून नाही. कारण मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लिहिते. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, खाई त्याला खवखवे.

सोळा आणि सतरा जानेवारी. दोऱ्याचं नवं कोन, म्हणजे मोठं रीळ, लावलं आणि दोरा तुटायला लागला. एक पेटी पुरी होत नाही तोवर तटकन तुटायचा. मेकॅनिक दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनमध्ये अडकलेला, म्हणाला परवा येतो. त्या दोन दिवसांत साठ बेल्ट द्यायचे होते. मी बटण डावीकडे फिरवलं. अर्धा फेरा, मग एक, मग दीड. दोरा तुटायचा थांबला. मला इतकं बरं वाटलं की मी गुणगुणत शिवत होते.

पेटी घालताना पीस कोपऱ्यावर फिरवतात, उलटा करत नाहीत. उलटून बघणं चेकिंगचं काम. वरून शिलाई झकास दिसत होती.

अठराला मेकॅनिक आला. सुईखालच्या पत्र्याला कंगोरा आला होता, तिथे घासून दोरा तुटत होता. त्याने पत्रा बदलला, टेन्शन पुन्हा बसवलं आणि विचारलं, "इतकं सैल कोणी केलं होतं?" मी म्हटलं, "कोणास ठाऊक." चार शब्दांचंही उत्तर नाही ते, पण तेच घशात अडकून बसलं आहे.

दोन दिवसांनी ॲप्रनच्या खिशात माझा नमुन्याचा तुकडा सापडला. मशीन लावताना आधी तुकड्यावर चार टाके घालून बघतात, तो सतरा तारखेचा. उलटून बघितला. खाली गाठ नव्हतीच. बॉबिनचा दोरा सरळ पडला होता आणि वरच्या दोऱ्याची वेटोळी त्याच्यावर नुसती टेकली होती. टोक धरून ओढलं तर अख्खा दोरा एका दमात हातात आला आणि दोन पट्ट्या सुट्या झाल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गोदामवाल्याला गोड बोलून लॉटची वही बघितली. माझ्या साठपैकी एक्केचाळीस इथेच आहेत. एकोणीस चोवीस तारखेला तीन कंत्राटदारांकडे गेले. आज तेरावा दिवस आहे. म्हणजे तेरा दिवस एकोणीस माणसं माझ्या वेटोळ्यांवर लटकताहेत.

चेकिंगला वन्सं बसतात. ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्याच वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. प्रत्येक बेल्ट उलटून बघायचा, ओढून बघायचा आणि शिक्का मारायचा हे त्यांचं काम. पोरी त्यांना पाठीमागे ठप्पाबाई म्हणतात. दुसऱ्यांचा माल त्या अशा बघतात की मुलगी बघायला आलेली सासूसुद्धा तेवढी बघणार नाही. माझा माल मात्र आला की गठ्ठा पुढे ओढतात आणि ठप ठप ठप. मला कारखान्यात चिकटवलं तेही त्यांनीच. नव्या माणसाला सांगतात, पेटीवर आमची भावजय आहे, तिकडे बघायचं काम नाही.

आज जेवताना विषय काढला.

"वन्सं, माझा माल तुम्ही उलटून बघता ना?"

"तुझा काय बघायचा? चौदा वर्षांत एक टाका वाकडा पडलेला नाही."

"तरीपण एखाद्या वेळी..."

"एखाद्या वेळी काय? चेहरा बघ कसा झालाय. खा आधी. टेन्शन घेऊ नकोस कसलं." आणि आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढली.

मी ती खाल्ली. बोलले असते तर साहेबांचा पहिला प्रश्न असता, शिक्का कोणाचा. वन्संना निवृत्तीला तीन वर्षं आहेत. मग मी मनाशी हिशेब मांडला की बेल्टला दोर वेगळा असतो, बसायची फळी वेगळी असते, बेल्टवर भार येतो तो बाकी सगळं तुटलं तरच, आणि सगळं काही रोज तुटत नाही. झाकली मूठ राहू दे. असं ठरवलं आहे. ठरवलं आहे म्हणून लिहिलं, पण अक्षर बघा कसं आलंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नंबर सातवा होता. खिडकीपाशी बसले. समोर सोळा मजल्यांची इमारत रंगवताहेत. अकराव्या मजल्याच्या उंचीवर एक माणूस फळीवर बसलेला, बाजूला बादली लोंबतेय. भिंतीला पाय लावून मागे झोका घ्यायचा आणि येता येता ब्रश मारायचा. अंगात नारिंगी पट्टी. नारिंगीवर काळा दोरा फक्त आमचाच असतो.

तो प्रत्येक झोक्याला मागे जायचा तेव्हा मी खुर्चीचे हात धरत होते. एकदा त्याने फळी सोडली, बेल्टवर सगळं अंग टाकलं आणि वाकून बादली ओढली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला पाणी दिलं. माझा नंबर पुकारून गेला, मला ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी दोनदा आकडा घेतला. वही लिहिताय ना, विचारलं. हो म्हटलं. मग टेन्शन कशाचं ते सापडलं का? मी म्हटलं, शोधतेय. गोळी वाढवून दिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रत्येक पीस उलटून बघते आहे. तिसाच्या जागी एकवीस झाले. वन्सं म्हणाल्या, हात जड झाला का गं. हे घरी म्हणाले, दमली असशील, टेन्शन घेऊ नकोस. मी त्यांच्यासमोर ताट आपटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं पहिल्यांदा झालं. त्यांनी फरशी पुसून घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हात दुखतोय, पण सगळं लिहून मगच उठणार.

दवाखान्यात तपासणी आहे असं खोटं सांगून साडेबाराला निघाले. रंगारी जेवायला खाली उतरले होते. परवाचा माणूस भिंतीला टेकून बसला होता, भुवयांना पांढरा रंग लागलेला, तिशीचा असेल. बेल्ट काढून शेजारी ठेवला होता.

"दादा, जरा तुमचा बेल्ट बघू?"

"का हो ताई, कोणाला टांगायचंय?" बाकीचे हसले.

"मी शिवते हे."

"मग तक्रार लिहून घ्या. मागचं लेबल मानेला टोचतं. मी कापून टाकलं."

लॉटचा नंबर त्या लेबलवरच असतो. मला वाटलं, सुटले. आता कळायची सोयच राहिली नाही, घरी जावं. मग पेटी दिसली. पेटीच्या शेवटच्या कोपऱ्यावर मी एक टाका जास्त घेते, कोणी शिकवलेलं नाही, हाताची खोड आहे. आपलं अक्षर ओळखावं तशी ओळखली. उलटून नख फिरवलं. चांगल्या शिलाईवरून नख घसरत जातं. इथे टाक्या-टाक्याला अडकलं.

"हा घालू नका," मी म्हटलं.

"का?"

"शिलाई कच्ची आहे."

"ताई, अठरा दिवस घालतोय. काही झालं नाही. उगाच टेन्शन नका देऊ." वरून कोणीतरी त्याला हाक मारली. तो उठला आणि बेल्टसाठी हात पुढे केला.

गळ्यात दोरा तोडायची कात्री होती, तशीच आले होते कामावरून. तिचं टोक खालच्या दोऱ्यात घातलं, एक टाका तोडला आणि दोऱ्याचं टोक धरून ओढलं. पेटीची एक बाजू, दुसरी, तिसरी, मग फुली. सर्रकन निघत गेलं, मध्ये कुठे अडलं नाही. मांडीचा पट्टा सुटून त्याच्या पायाशी पडला.

कोणी हसलं नाही. तो पट्ट्याकडे बघत राहिला, मग वर, आपल्या फळीकडे. मग पालथ्या बादलीवर बसला. म्हणाला, "परवा अकराव्यावर मी फळी सोडून नुसत्या ह्याच्यावर लटकलो होतो. बादलीपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून."

मी म्हटलं, मी बघितलं होतं, दवाखान्याच्या खिडकीतून. तो ताडकन उठला. "बघितलं होतं? आणि घरी गेलात?"

हो, गेले होते. जेवलेही होते.

त्याने मला हात धरून मोटरसायकलवर बसवलं आणि म्हणाला, कुठे शिवता ते दाखवा. एकटी असते तर कारखान्याच्या दारातून परत फिरले असते, हे इथे लिहून ठेवते. तो मागे उभा होता म्हणून साहेबांच्या खोलीत शिरले आणि बोलले. दीड फेरा, साठ बेल्ट, कोणास ठाऊक, सगळं बोलले. साहेबांनी सुटलेला पट्टा हातात घेतला. मग मला पुढे काही विचारायच्या आधीच वन्संना बोलावलं.

"शिक्का कोणाचा?"

"माझा."

"बघितलं होतं?"

"नाही."

"का?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "हिचा होता म्हणून," म्हणाल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज ओढायच्या मशीनवर गोदामातले पाच लावले. साहेबांनी मला पुढे उभं केलं. पहिला टिकला, दुसरा टिकला. माझ्या मनात आलं, सगळे टिकले तर काय म्हणतील, बाईला भ्रम झाला? हे मनात आलं याची लाज वाटते. तिसरा कापड फाटल्यासारखा टरटरत उघडला. चौथा टिकला. पाचवा तिसऱ्याहून लवकर गेला.

एक्केचाळीसही कापून टाकले. बाहेर गेलेले परत मागवण्याची पत्रं निघाली. वन्संना कामावरून काढलं. मला नाही काढलं. साहेब सरळ म्हणाले, पेटीवर बसायला दुसरं कोणी नाही. चूक माझी, नोकरी गेली ती वन्संची.

जाताना वन्संनी शिक्का टेबलावर ठेवला, डबा पिशवीत घातला. मी दाराशी गेले होते. "वन्सं" एवढंच तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, "मशीन चालू ठेवून आलीस. बंद कर जा."

बुधवार, १९ फेब्रुवारी

एकोणीसपैकी अकरा आले.

वन्सं बोलत नाहीत. वर ताट पाठवलं तर रिकामं, धुतलेलं परत येतं, निरोप नाही. सकाळी आठला कुठेतरी जातात. दुसरीकडे काम शोधत असतील. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ताईने काल पन्नास प्रती काढून नेल्या. कसल्या? कागद घडी करून आणला होता, मशीनवर स्वतःच ठेवला, बघू दिला नाही. अर्जच असणार. ह्या वयात पन्नास ठिकाणी अर्ज करायला लावले मी त्यांना.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सोळा आले. रंगाऱ्याचा मी उसवला तो धरून सतरा. दोन राहिले.

दोन कंत्राटदारांनी आपापले मोजून दिले. तिसरा म्हणतो, बेल्ट काय अंगावर नाव लिहून देतो का आम्ही, माणसं साइट बदलतात, बेल्ट घेऊन जातात, एकमेकांना देतात. त्याच्याकडे दोन कमी आहेत आणि ती माणसं सोडून गेलीत. साहेबांनी वर्तमानपत्रात दोन ओळी दिल्या. लटकणारी माणसं ते पान वाचत असतील असं मला वाटत नाही.

एकोणीस होते तेव्हा भीती पातळ होती, सगळीकडे पसरलेली. आता दोनच राहिले तर ती दाट झाली आहे. बसमधून जाताना मी इमारतींचे वरचे मजले बघते. नारिंगी काही दिसलं की उतरते. काल एक जाहिरातीचं कापड निघालं आणि आज कोणाची तरी वाळत घातलेली चादर. कामाला दोन्ही दिवस उशीर झाला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जिन्यात वन्सं समोर आल्या. चेहरा उन्हाने काळवंडलाय, नाकाची साल निघालीय. एका पायावर जोर देऊन चढत होत्या. मी पिशवी घ्यायला हात केला तर पिशवी पलीकडच्या हातात घेतली. जड होती. एवढं जड काय असतं अर्जांमध्ये?

हे म्हणतात, तिला जरा वेळ दे. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या बहिणीशी बोला ना. तर म्हणाले, ती तुझ्याबद्दल एवढंच विचारते की आज कामावर गेली का.

मेकॅनिक मला आता बटणाला हात लावू देत नाही, त्यावर रंगाचा ठिपका मारून ठेवलाय. बरोबरच आहे त्याचं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तिसऱ्या कंत्राटदाराचा मुकादम माल न्यायला आला होता. सहज म्हणाला, "तुमच्या त्या चेकिंगच्या बाई आमच्या साइटवर येऊन गेल्या. सगळी चौकशी करत होत्या. कोण माणसं होती, कधीपासून घालत होती, सगळं वहीत लिहून घेतलं."

आता कळलं पन्नास प्रती कसल्या. माझ्याविरुद्ध लिहून घेताहेत. जबाब गोळा करताहेत, साहेबांच्या वर जाणार, कदाचित पोलिसांतही. आणि त्यांनी का करू नये? मी मेकॅनिकला कोणास ठाऊक म्हटलं, डबा खाताना गप्प बसले, चौदा वर्षांच्या विश्वासावर त्यांची नोकरी घालवली. रंगारी साक्ष देईल, बघून घरी गेली म्हणेल. सगळं खरं आहे.

ह्यांना सांगितलं. ते पहिल्यांदाच टेन्शन घेऊ नकोस म्हणाले नाहीत. त्यानेच मला जास्त भीती वाटली. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे का काही? तर म्हणाले, मला ताईने शपथ घातलीय.

म्हणजे घरातसुद्धा ठरलेलं आहे सगळं. कपाटातून कागदपत्रं काढून वर ठेवली आहेत, कोणी न्यायला आलं तर शोधाशोध नको. मुलीला फोन केला, काहीच सांगितलं नाही, बोलून घेतलं फक्त.

शनिवार, १ मार्च

अर्ध्या दिवसाची पाळी करून दोनला घरी आले. दार उघडं होतं आणि वन्सं आत बसल्या होत्या. मी दारातच थांबले. वाटलं, आलं ते आता तोंडावर. त्यांच्या पायांत बूट होते. वन्संना बूट घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आत ये, तुझंच घर आहे," म्हणाल्या आणि पिशवीतून नारिंगी बेल्ट काढून टेबलावर ठेवला.

लेबल होतं. लॉट माझा.

मी खाली जमिनीवरच बसले. वन्सं नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगायला लागल्या. बेल्टचा फोटो आणि खाली चार ओळी, असा कागद केला होता, प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला एक द्यायचा. त्या दोन माणसांची नावं मुकादमाकडून लिहून घेतली, मग त्यांचे मित्र, मग मित्रांचे मित्र. साहेबांकडून दोन नवे बेल्ट मागून घेतले, बदली द्यायला, ते रोज पिशवीत. आज एकतिसावी इमारत होती. मागच्या बाजूला काचा धुणं चाललं होतं आणि तेराव्या मजल्यावर नारिंगी दिसलं.

"वॉचमन म्हणाला, खाली आला की भेटा. मी म्हटलं, हाक मार. तो म्हणाला, तुम्हीच मारा. हाक मारावी तर माणूस दचकणार, आणि दचकला तर... म्हणून नाही मारली. उभी राहिले. पावणेदोन तास वर बघत होते. मान खाली केली की तेवढ्यात पडेल असं वाटायचं. बाजूने गाड्या जात होत्या, एकाने हॉर्न मारला, शिव्या दिल्या, मी हलले नाही. त्याने मध्येच विडी पेटवली, बाई गं, लटकून. मला वाटलं आता वर जाऊन दोन ठेवून द्याव्यात."

"मग?"

"मग उतरला. पंचविशीचं पोरगं. कागद वाचला, म्हणाला, काय मावशी, घाबरवता. मी टोक धरून दोरा ओढला. तू त्या रंगाऱ्याला दाखवलास तसा." "त्याला उलटी झाली. मग माझ्याकडचा नवा घातला त्याने. मी सगळ्या शिलाया उलटून बघून मगच दिला."

मी काय काय लिहिलं होतं ह्या वहीत त्यांच्याबद्दल. म्हटलं, वन्सं, मला का नाही सांगितलंत, मी आले असते. त्या म्हणाल्या, "तू मशीनवर हवी होतीस. बदलीचे बेल्ट कोण शिवणार? आणि तू आली असतीस तर प्रत्येक गेटवर रडली असतीस. माझ्याकडे एवढा वेळ नव्हता." ह्यांना शपथ घातली होती ती त्यासाठी.

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे ओढून घेतले. "हात लावू नकोस, फोड आलेत."

गरम पाणी केलं. त्यांचे बूट मीच काढले, मोजा एका ठिकाणी चिकटला होता तो हळूहळू सोडवला. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "टाका तुझा, शिक्का माझा. मी एक गठ्ठा जरी उलटला असता तरी त्या दिवशी तू माझी बोलणी खाऊन, मनात मला चार शिव्या घालून साठ पेट्या उसवत बसली असतीस आणि प्रकरण मिटलं असतं. आता ते उगाळू नकोस. पाणी थोडं गार कर."

एक राहिलाय. तो ज्याच्याकडे आहे तो गावात आहे की दुसऱ्या शहरात गेला, कोणाला माहीत नाही. त्याचं टोपणनाव तेवढं वन्संच्या वहीत आहे आणि तो डावखुरा आहे, एवढं. मला अजून भीती वाटते, आत्ता ह्या क्षणी वाटते, कारण आत्ताही तो कुठेतरी भिंतीला पाय लावून मागे झोका घेत असेल.

उद्या रविवार. ऑफिसं बंद असतात म्हणून काचा धुणारे त्याच दिवशी जास्त असतात, असं वन्सं म्हणाल्या. दोघी जाणार आहोत. त्यांनी डावी बाजू घ्यायची, मी उजवी. आणखी पन्नास प्रती काढायला हे दुकानात गेलेत. सकाळी आठला निघायचं, आणि चपला नकोत, बूट घाल, म्हणाल्या.